आवाज नीट फाटला पाहिजे

चाळीस वर्षं लोक माझ्या दुकानात एकच तक्रार घेऊन यायचे: "काका, आवाज फाटतोय." कधी गणपती मंडळाचा ॲम्प्लिफायर, कधी ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याचा स्पीकर, कधी शेजारच्या वहिनींचा टेपरेकॉर्डर. मी पाठ उघडायचो. कोन फाटलाय, कंडेन्सर सुकलाय की कुठे ड्राय सोल्डर झालंय ते हुडकायचो आणि आवाज फाटायचा थांबला की मगच पैसे मागायचो.

आणि परवा तू आलीस, पाठीला गिटार लावून. म्हणालीस, "मामा, मला आवाज फाडायचा डबा करायला शिकव." मी हसलो. तू जरा रुसलीसच.

रात्री मात्र मला पटलं की तुझं बरोबर आहे. फाटलेला आवाज वेगळा आणि फाडलेला आवाज वेगळा. एक आपोआप होतो, कधी होईल त्याचा नेम नसतो. दुसरा आपण मोजून, ठरवून करतो. ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणजे हा दुसरा. म्हणून पुढचं सगळं तुझ्यासाठी लिहून ठेवतोय. सोल्डरिंग करताना शेजारी ठेव, चहाचे डाग पडले तरी चालतील.

आधी एक गंमत. या वेडाची सुरुवातही बिघाडातूनच झाली. १९६१ साली अमेरिकेत मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं बाजारात आलं. नॅशव्हिलच्या स्टुडिओत त्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनने वाजवलेला बास त्यातून चिरफाळत बाहेर आला. त्यांनी तो तसाच ठेवला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, तसा आवाज काढणारं माएस्ट्रो फझ-टोन हे पेडल विक्रीला आलं. १९६४ साली लंडनच्या किंक्स बँडमधल्या डेव्ह डेव्हिस या पोराने तर आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कोन चक्क ब्लेडने कापला. बरं झालं तो गिरगावात राहत नव्हता. मी दुसऱ्या दिवशी नवा कोन बसवून दिला असता.

आता कामाचं.

पहिला डबा साधा, आणि तोही आधी ब्रेडबोर्डवर

इंटरनेटवर तुला सहा नॉबचे, तीन स्विचचे नकाशे दिसतील. त्यांच्या नादी लागू नकोस. पहिल्या डब्याला दोन नॉब पुरेत: एक किती फाडायचं त्याचा, दुसरा किती मोठ्याने त्याचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये ट्यूब स्क्रीमर नावाचं एक हिरवं पेडल निघालं. त्याच्या पोटात ४५५८ नावाची आठ पायांची चिप होती. हीच चिप आपल्याकडच्या बास-ट्रेबल किटमध्ये सर्रास सापडते. मी अशा शेकडो बदलल्या असतील, आणि तिच्यावर जगात गिटारवाले जीव टाकतात हे मला तुझ्याकडून कळलं! त्या हिरव्या डब्यातला मधला भाग तेवढा आपण घ्यायचा.

तो ब्रेडबोर्डवर उभा कर, बॅटरी लाव, गिटार लाव, वाजव. तिथे वाजला तरच सोल्डरिंग आयर्न गरम कर. शिवणारी बाई आधी कच्चे टाके घालते, मग मशीनवर बसते. तसंच हे.

दुकानात जाताना चिठ्ठी ने, आणि एकाच्या जागी दहा घे

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवर लिहिलेल्या डॉ. भडकमकर मार्गावर, गेलीस की दुकानदाराला वेळ नसतो. "ओव्हरड्राइव्हचं सामान द्या" म्हटलंस तर तो तुझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघेल. चिठ्ठीत असं लिही:

आयसी ४५५८ आणि त्याचा आठ पिनचा आयसी बेस. डायोड १एन४१४८. रेझिस्टर १ के, ४.७ के, १० के, ४७ के आणि १ मेग, सगळे पाव वॉटचे. कपॅसिटर ४७ पीएफ सिरॅमिक. ४७३ आणि १०४ मायलर. १, ४७ आणि १०० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक. पॉट एक ४७० के, एक १०० के. बॅटरीची क्लिप. एक मोनो आणि एक स्टिरिओ जॅक. एक डायोड १एन४००७.

रेझिस्टर आणि डायोड सुटे एक-दोन मागू नकोस, दहा-दहा घे. एक जळेल, एक खाटेखाली जाईल, एकाचा पाय तुटेल. हे तिन्ही पहिल्याच रात्री होतं.

कपॅसिटरवरचे आकडे बघून गोंधळू नकोस. पहिले दोन आकडे जसेच्या तसे, तिसरा म्हणजे किती शून्यं द्यायची ते, आणि हिशोब पिकोफॅरडमध्ये. ४७३ म्हणजे ४७,००० पिकोफॅरड, म्हणजेच ०.०४७ मायक्रोफॅरड. १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड.

पॉटवर ए किंवा बी लिहिलेलं असतं. चिनी-जपानी मालात ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनियर. व्हॉल्यूमला ए घे. आपला कान सरळ रेषेत ऐकत नाही. बी लावलास तर नॉब पाव फिरवेपर्यंतच सगळा आवाज येऊन जाईल आणि पुढे नुसतीच गोल फिरवाफिरवी.

तीन पिवळे-जांभळे भाऊ ओळखायला शिक

या सर्किटमध्ये ४.७ के आणि ४७ के शेजारीशेजारी बसतात. दोघांचे पहिले दोन पट्टे सारखेच, पिवळा आणि जांभळा. तिसरा पट्टा लाल असेल तर ४.७ के, नारिंगी असेल तर ४७ के. तिसरा पट्टाही पिवळा असेल तर तो ४७० के, आणि तो आपल्याला नकोच आहे. पिवळ्या बल्बखाली लाल आणि नारिंगी यांत फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही. माझी तर साठीनंतर रोज फसगत व्हायची. म्हणून रंगावर विश्वास ठेवू नकोस. प्रत्येक रेझिस्टर बोर्डात जायच्या आधी मीटरवर घे. दहा सेकंदांचं काम आहे. नंतर तोच उपटून काढायला अर्धा तास जातो आणि तांब्याचा पट्टाही उखडतो.

काय चाललंय ते समज, मग हात घाल

नुसता नकाशा बघून जोडणारा आणि समजून जोडणारा यांत फरक बिघाडाच्या दिवशी कळतो. म्हणून हा भाग दोनदा वाच.

गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल अगदी बारीक असतो, व्होल्टच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाच्या आसपास. तो खाली-वर हलतो, अधिक आणि उणे अशा दोन्ही बाजूंना. पण आपल्या बॅटरीला उणे बाजूच नाही, तिथे शून्य ते नऊ एवढंच. मग सिग्नलने खाली जायचं कुठे? म्हणून आपण मधोमध साडेचार व्होल्टचा एक ओटा बांधतो. १० के चे दोन रेझिस्टर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये एकापुढे एक, आणि त्यांच्या मधल्या सांध्यावर ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हा ओटा आला की सिग्नलला वर साडेचार, खाली साडेचार, नाचायला मोकळी जागा मिळते.

गिटार ४७३ मधून पिन ३ वर येते. पिन ३ वरून १ मेग त्या ओट्याला. पिन २ वरून ४.७ के आणि दुसरा ४७३ एकापुढे एक, थेट ग्राउंडला. आणि पिन १ ते पिन २ या वाटेवर खरी गंमत: ४७ के आणि ४७० के चा पॉट एकापुढे एक, त्यांना समांतर ४७ पीएफ, आणि त्यालाच समांतर दोन डायोड, तोंडं उलट दिशांना करून.

हिशोब सोपा आहे. पॉट पूर्ण खाली असेल तर ४७ भागिले ४.७ म्हणजे १०, अधिक १. सिग्नल ११ पट झाला. पॉट पूर्ण वर नेलास तर ५१७ भागिले ४.७, म्हणजे ११०, अधिक १. सिग्नल १११ पट.

आता डायोड. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टपर्यंत बंद दरवाजा असतो, त्यापुढे उघडतो. तुझ्या आजोळच्या माजघराचा दरवाजा आठवतो ना? चौकट बुटकी. तुझे बाबा पहिल्यांदा आले तेव्हा खाडकन डोकं आपटलं होतं, दुसऱ्या दिवसापासून वाकून जायला लागले. डायोड जर पुढे, बाहेरच्या वाटेवर ग्राउंडला जोडले, तर सिग्नल डोकं आपटतो आणि माथा सपाट कापला जातो. आपण ते चिपच्या परतीच्या वाटेत ठेवलेत. तिथे सिग्नल वाकून जातो. माथा गोलसर दबतो आणि मूळ सूर त्या फाडलेल्या सुरात मिसळून राहतो. हलकं वाजवलंस तर जवळजवळ स्वच्छ, जोरात छेडलंस तर खरखरीत. बोटाला उत्तर देणारा आवाज तो हाच.

तो ४.७ के आणि ४७३ चा जोड आणखी एक काम करतो. सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली चिपची वाढ कमीकमी होत जाते. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. ती पूर्ण १११ पट वाढवून फाडलीस तर आवाजाचा चिखल होतो, सूर कळतच नाही. खर्ज जपायचा आणि मधले सूर फाडायचे, ही त्या जपानी माणसांची हुशारी.

पिन १ वरून पुढे १ के, मग १०४ ग्राउंडला, म्हणजे वरची किरकिर बोथट होते. मग १ मायक्रोफॅरड, मग १०० के चा व्हॉल्यूम, मग बाहेर. पिन ८ ला नऊ व्होल्ट, पिन ४ ग्राउंड. चिपचा दुसरा अर्धा भाग रिकामा राहील, त्याला मोकाट सोडू नकोस. पिन ६ आणि ७ एकमेकांना जोड, पिन ५ ओट्याला. रिकामी चिप काहीतरी उद्योग करतेच, आणि तो शिट्टीसारखा ऐकू येतो.

टाका चमकला पाहिजे

सोनार सांध्याला टाका म्हणतो, मीही तेच म्हणतो. २५ वॉटचं आयर्न पुरे. सोल्डर ६०-४० चं घे, पोटात राळ असलेलं. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब वितळवून तो सांध्यावर फासायचा, हे पाप करू नकोस. आधी टोक दोघांना टेकव, तांब्याच्या ठिपक्यालाही आणि रेझिस्टरच्या पायालाही. दोन अंक मोज. मग सोल्डर सांध्याला लाव, आयर्नला नाही. ते आपणहून पायाभोवती चढेल. आयर्न काढ आणि ते थिजेपर्यंत हलवू नकोस, फुंकर तर मुळीच मारू नकोस.

चांगला टाका डोंगरासारखा दिसतो, कडेला उतरता आणि चकचकीत. वाईट टाका मोत्यासारखा गोल बसतो किंवा राखाडी, दाणेदार होतो. तो ड्राय सोल्डर. आज वाजेल, उद्या स्टेजवर मान टाकेल. माझ्या दुकानाचं अर्धं भाडं या ड्राय सोल्डरने भरलं, म्हणून त्याच्याविषयी वाईट बोलवत नाही. पण तुझ्या डब्यात तो नको.

चिप कधीही थेट सोल्डर करू नकोस. आयसी बेस सोल्डर कर, चिप सगळ्यात शेवटी त्यात दाब. खिडकी उघडी ठेव. सोल्डरमध्ये शिसं असतं, त्यामुळे तार दातात धरायची नाही आणि उठल्यावर हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. आमच्या पिढीने हे पाळलं नाही, ते शहाणपण नव्हतं.

उलटं लागणाऱ्या चार गोष्टी

डायोडवरचा पट्टा, इलेक्ट्रोलिटिकवरची उणेची रेघ, चिपवरची खाच आणि बॅटरी. सर्किट चालू करण्याआधी या चारांवर बोट ठेवून मोठ्याने म्हण. खरंच मोठ्याने. मनातल्या मनात म्हटलं की डोळा चुकीचं तेच वाचतो.

ॲडॉप्टरची तर वेगळीच कथा. गिटारच्या पेडलमध्ये आतली पिन उणे आणि बाहेरची बाजू अधिक, अशी जगभर रीत पडलीय. घरातल्या राउटरच्या ॲडॉप्टरमध्ये बहुधा नेमकं उलट. एकदा एका ऑर्केस्ट्रावाल्याचं पेडल माझ्याकडे आलं. मी टेबलावर पडलेला ॲडॉप्टर उचलून लावला. चिप बोटाला चटका बसेल इतकी तापली आणि गेली. पैसे मी भरले. म्हणून तो १एन४००७ आणायला सांगितला. नऊ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये, पट्टा नऊ व्होल्टकडे करून लाव. सरळ जोडलंस तर तो झोपून राहतो, उलटं जोडलंस तर सगळा करंट स्वतःवर घेतो. गेला तर तो जाईल, तुझी चिप वाचेल. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याच्या शेजारीच.

पहिले काही दिवस मात्र बॅटरीवरच चालव. मेन्सवर चालणारा, घरी बनवलेला ट्रान्सफॉर्मर वगैरे काही नको. नऊ व्होल्ट चूक माफ करतात, दोनशे तीस करत नाहीत.

मीटरही खोटं बोलतो

डबा वाजला नाही तर गडबडून सगळं उपटू नकोस. काळा प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब पायांवर. पिन ८ ला नऊच्या आसपास, पिन ४ ला शून्य, पिन १ ला साडेचारच्या जवळ. एवढं असेल तर चिप जिवंत आहे.

आता खोड बघ. पिन ३ वर मीटर लावलास आणि सव्वादोन व्होल्ट दिसले तर घाबरू नकोस. त्या पिनला साडेचार व्होल्ट १ मेगमधून पोचतात, आणि ते स्वस्त पिवळं मीटर असतं ना, त्याचा आतला रोधही १ मेगच असतो. दोघांनी निम्मं निम्मं वाटून घेतलं, म्हणून सव्वादोन. मोजायला गेलेल्या माणसानेच अर्धं खाल्लं! माझं जुनं काट्याचं मीटर तर तिथे पाऊण व्होल्ट दाखवायचं. हे माहीत नसलेला पोरगा चिपमागून चिप बदलत बसतो. पिन ३ ची हकीकत पिन १ ला विचारायची.

कान हेच खरं मीटर

आम्ही रेडिओ दुरुस्त करताना व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचो, बोट त्याच्या धातूवर. स्पीकरमधून घूंऽ आलं की पुढचा सगळा भाग ठीक, बिघाड मागे. नाही आलं की बिघाड पुढे. एका टेकवण्यात अर्धा रेडिओ निकालात.

तुला याहून बरी युक्ती देतो. ॲम्प्लिफायरला जाणारी जुनी केबल घे, तिचं एक टोक काप. जाळी ग्राउंडला, आणि मधल्या तारेला एक १०४ कपॅसिटर लाव. त्याचा मोकळा पाय म्हणजे तुझा कान. ॲम्प्लिफायरचा आवाज अगदी बारीक ठेव, मैत्रिणीला गिटार छेडत बसव, आणि तो पाय आधी इनपुट जॅकला, मग पिन ३ ला, मग पिन १ ला, मग व्हॉल्यूमला टेकवत पुढे सरक. पाइपलाइनवरची गळती शोधतो तसं. जिथे आवाज होता आणि पुढच्या सांध्याला नाही, त्या दोघांच्या मध्ये गुन्हेगार आहे. दहातल्या आठ वेळा तो ड्राय सोल्डर असतो किंवा जॅकची तार उलट लागलेली असते.

डबा धातूचाच

माझा हौसेचा पहिला प्रीॲम्प मी साबणदाणीत बसवला होता. दिसायला सुरेख. ट्यूबलाइट लावली की सूर कमी आणि घूं जास्त. १११ पट वाढवणारं यंत्र हवेतलं सगळंच वाढवतं. धातूचा डबा ग्राउंडला जोडला की तो भिंतीसारखा उभा राहतो.

बाजारात ॲल्युमिनियमचे ओतीव डबे मिळतात, साधारण ११२ बाय ६० मिलिमीटरचा १५९०बी नावाचा डबा नेहमीचा. पण आजीचा ॲल्युमिनियमचा जुना पानाचा डबा मिळाला तर त्यासारखं काही नाही. स्टीलच्या टिफिनच्या मोहात पडू नकोस. स्टेनलेस स्टीलला भोक पाडणं नवख्याचं काम नाही, ड्रिल घसरतं आणि मनगटाला लागतं. ॲल्युमिनियमला आधी पंचाने खूण कर, बारीक बिटने भोक पाड, मग टप्प्याटप्प्याने मोठं कर. जॅकला साधारण ९.५ मिलिमीटर, छोट्या पॉटला ७, आणि पायाने दाबायचा स्विच लावणार असशील तर त्याला १२. भोकं पाडण्याआधी सगळे भाग कागदावर मांडून बघ. झाकण लावल्यावर पॉटची पाठ बॅटरीला टेकते, हे सगळ्यांना झाकण लावतानाच कळतं.

आत येणारी आणि बाहेर जाणारी तार लांब लांब ठेव. त्या एकमेकींना चिकटून गेल्या तर बाहेरचा आवाज पुन्हा आत शिरतो आणि डबा कुकरसारखी शिट्टी मारतो. बोर्डाच्या खाली जाड पुठ्ठा घाल, नाहीतर टाके डब्याला टेकून सगळं गप्प होईल. पायाच्या स्विचचे पाय गरम करताना हात आखडता घे, आतलं प्लॅस्टिक लगेच वितळतं.

आणि स्टिरिओ जॅक का सांगितला? तो इनपुटला लाव, बॅटरीची काळी तार त्याच्या मधल्या कड्याला जोड. गिटारची मोनो पिन आत गेली की कडं आपोआप ग्राउंडला जुळतं आणि सर्किट चालू होतं. पिन काढली की बंद. चालू-बंदचा वेगळा स्विच नको. पण म्हणूनच, वाजवून झालं की केबल काढायची. ती तशीच राहिली तर सकाळी बॅटरी मेलेली.

वाजायला लागला की मगच खोड्या

इथे आयसी बेसची किंमत कळते. ४५५८ काढ, टीएल०७२ लाव, पाय तेच. डोळे मिटून ऐक. फरक आवडला तर ठेव. "अमुक सालची, अमुक छापाची चिपच हवी" असं सांगणारे भेटतील. त्यांना चहा पाज, पैसे देऊ नकोस.

खरा फरक डायोडने पडतो. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन लावून बघ. लाटेचा वरचा माथा एक तऱ्हेने दबेल, खालचा दुसऱ्या, आणि आवाज जरा उघडा होईल. बॉस कंपनीने १९७७ मधल्या ओडी-१ पेडलमध्ये असंच केलं होतं. डायोडच्या जागी दोन लाल एलईडी लाव. ते पावणेदोन व्होल्टच्या आसपास उघडतात, म्हणजे चौकट उंच झाली. आवाज मोठा आणि कमी दबलेला. माझ्या लाकडी खोक्यात जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतले ओए७९ डायोड पडलेत. ते जर्मेनियमचे, ०.३ व्होल्टच्या आसपासच वाकायला लावतात. आवाज मऊ, थोडा घोगरा. दोन काढून ठेवलेत तुझ्यासाठी. पाय जपून वाकव, काचेचे आहेत, आणि गरम करताना पाय चिमट्याने धर, म्हणजे उष्णता चिमट्यात जाईल.

खर्ज जास्त हवा असेल तर पिन २ खालच्या ४७३ च्या जागी १०४ लाव. तो ७२० चा आकडा ३४० हर्ट्झपर्यंत खाली येईल. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. दोन बदललीस तर आवाज कशाने सुधारला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि सगळ्यात शेवटचं

ड्राइव्हचा नॉब पूर्ण खाली करून, हलक्या बोटाने एकेक तार छेड. घूं नाही, शिट्टी नाही, चरचर नाही, प्रत्येक सूर स्वच्छ. हे जमेपर्यंत नॉब वर नेऊ नकोस. पुष्कळ जण डब्यातला बिघाड ड्राइव्हखाली लपवतात आणि म्हणतात, हाच माझा टोन. ज्याला आवाज नीट ठेवता येतो, त्यालाच तो नीट फाडता येतो. मी चाळीस वर्षं जे केलं ते तुझ्या कामाचं आहे ते एवढ्याचसाठी.

झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख घाल. आम्ही रेडिओच्या कॅबिनेटमध्ये घालायचो. वीस वर्षांनी तोच रेडिओ परत आला की आपलंच अक्षर आपल्याकडे बघायचं.

मग मला फोन कर आणि फोन ॲम्प्लिफायरसमोर धर. मनासारखा फाटला तरी कर, मनाविरुद्ध फाटला तरी कर. कुठला फाटलेला आणि कुठला फाडलेला, ते मी ऐकून सांगतो.